देवकुंड: पाऊस सरल्यावर

रायगड जिल्ह्यात भिरा गावाजवळच्या देवकुंड धबधब्याला जाऊन आले म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "मग ऐन पावसात का नाही गेलीस?" कारण साधं आहे. अलीकडे पावसाळ्यात बहुतेक वेळा तिथे जायला प्रशासनाची मनाई असते, आणि ती वाट पायाखालून गेल्यावर ती मनाई मला तरी पटली. आम्ही दिवाळीनंतर गेलो. ओढे गुडघ्याच्या खाली आलेले, धबधबा मात्र अजून भरात.

पुण्याहून मुळशी, मग ताम्हिणी उतरून पाटणूसच्या बाजूने भिरा. गावात पोहे-चहा घ्यायचा, वाटाड्या ठरवायचा आणि दुपारच्या जेवणाचं आधीच सांगून ठेवायचं. "भाकऱ्या किती टाकू?" काकूंनी विचारलं. आम्ही माणशी दोन सांगितल्या. "जाताना सगळे दोनच सांगतात," म्हणत त्यांनी पीठ जास्तीचंच काढलं.

सुरुवातीची वाट भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जाते. सपाट, उघडी, आणि उन्हं चढली की नकोशी. म्हणून सातच्या आतच निघावं. इथे चालता चालता वाटाड्या दादाने टाटांच्या पॉवर हाऊसचा विषय काढला आणि मग वाटभर तोच आमच्या डोक्यात राहिला. मुळशीचं पाणी खरं तर पूर्वेला जाणारं. मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळणारं. ते वर मुळशीच्या धरणात अडवून, डोंगराच्या पोटातून आणि उतारावरच्या पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणलं आणि 1927 पासून त्यावर वीज तयार होऊ लागली. त्याच मुळशी धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. शाळेत हे सगळं इतिहासाच्या एका ओळीत उरकलं होतं. इथे ते पाणी पायाशी होतं.

धरणाची कड सुटली की झाडी सुरू होते. ऐन, अंजन, हिरडा, मध्येच उक्षीच्या वेली, आणि जिथे जागा मिळेल तिथे कारवी. पाऊस संपल्यामुळे माती घट्ट झालेली, पण ओलसर सावलीत दगड अजून निसरडे. शेकरू दिसलं नाही. कुरतडलेली फळं तेवढी वाटेत पडलेली दिसली. दोन-तीनदा ओढा ओलांडावा लागतो. एका ठिकाणी दादा थांबला आणि काठावरच्या झाडाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. माझ्या खांद्याच्याही वर, फांदीत काटक्यांचा आणि वाळक्या गवताचा गुंता अडकलेला. पुराचं पाणी तिथपर्यंत चढतं.

"इथं ऊन असतंय ताई, आणि वर ताम्हिणीला धो धो चालू. जाताना पाणी घोट्याएवढं, येताना ओढा ओलांडताच येत नाही. मग पलीकडचे पलीकडे."

ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर किती पाऊस कोसळतो हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. तो सगळा या अरुंद खोऱ्यात उतरतो, तोही सूचना न देता. त्यामुळे "आम्ही पोहणारे आहोत" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

शेवटचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांचा. हात टेकत चढायचं, आवाज वाढत जातो, आणि मग एकदम समोर काळ्या कातळाची कमान उघडते. पाणी वरून सरळ खाली कुंडात. कुंडाचा रंग फोटोत खोटा वाटतो, तो खरा आहे: कडेला काचेसारखा स्वच्छ, मध्ये गडद हिरवा. त्या गडद भागात जायचं नाही, एवढं दादाने तीनदा बजावलं. कुंडलिका इथेच उगम पावते असं गावकरी मानतात. आम्ही कडेच्या दगडांवर बसून पाय सोडले. नोव्हेंबरचं पाणी असं गार, की कुणालाही त्याहून पुढे जायचा मोह झाला नाही. अकराच्या सुमारास स्पीकर घेतलेला एक मोठा घोळका आला आणि आम्ही उठलो. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच.

जाऊन-येऊन अकरा-बारा किलोमीटर होतात. चढ फार नाही, पण परतीचं ऊन थकवतं. प्रत्येकी दोन लिटर पाणी, चांगल्या पकडीचे बूट, आणि वाटाड्या घ्यायचाच. झाडीत फसव्या पायवाटा बऱ्याच आहेत.

उतरताना दादाला विचारलं, पॉवर हाऊसचं पाणी पुढे जातं कुठे? "कुंडलिकेतच. सकाळी सोडलं की खाली कोलाडला राफ्टिंगच्या होड्या निघतात. पुढे रोहा, मग रेवदंड्याला समुद्र." म्हणजे मुळशीचं वळवलेलं पाणी आणि देवकुंडाचं आपल्या पायांनी उतरलेलं पाणी, दोन्ही एकाच नदीतून अरबी समुद्रात. कोलाडला उन्हाळ्यातही होड्या चालतात त्या या वीजनिर्मितीच्या पाण्यावर. देवकुंड तोवर पार आटत आलेलं असतं. म्हणून जायचंच तर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, एवढीच मुदत धरा.