राखाडी पट्ट्यातली टीप

सोलापुरात डीटीपीचं काम मराठी म्हणून घेतलं तरी त्यात कन्नड नाहीतर तेलुगू डोकावतंच. गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर एक निवृत्त शिक्षक सोलापूरचे शरण संत सिद्धरामेश्वर यांच्या वचनांची (कन्नड भक्तिरचनांची) पुस्तिका घेऊन आले. १२व्या शतकातलं मूळ वचन कन्नड लिपीत, फिक्या राखाडी पट्ट्यावर. खाली मराठी अर्थ, आणि अवघड शब्दांना मराठी तळटिपा. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आत छापून हवी होती.

लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये, पानं लावली, प्रूफ दिलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काय ओ, हा 'ए' कोण? आणि टिपेत नुसता ठिपका?"

बघतो तर 'केरे' या शब्दाच्या डोक्यावर १ ऐवजी बारीक इंग्रजी 'ए'. टीप पानाच्या तळाशी गेलीच नव्हती, पट्ट्यातच अडकली होती. 'केरे म्हणजे तळं' हा मजकूर गायब, शेवटचा पूर्णविराम तेवढा शिल्लक.

लेटेकच्या लेखी असा पट्टा म्हणजे बंद डबी. आत लिहिलेली टीप डबीच्याच तळाशी बसते आणि क्रमांकही स्वतःचे लावते: ए, बी, सी. शिवाय टीप कन्नड मजकुराच्या आत, म्हणून तिने फॉन्टही कन्नडच उचलला. त्यात देवनागरी अक्षरंच नव्हती. प्रोग्राम अशा वेळी थांबत नाही, लॉग फाइलमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदींच्या फाइलमध्ये, 'मिसिंग कॅरेक्टर' (अक्षर सापडलं नाही) एवढं लिहून पुढे जातो. तशा ओळींनी लॉग भरला होता. मी तो उघडलाच नव्हता. पीडीएफ निघाली की काम झालं, ही जुनी खोड.

म्हटलं, "सर, 'ए'चा १ करून देतो, टीप राहू दे आत."

"नको. पट्ट्यात सिद्धराम बोलतोय. 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही मुद्रा, त्याची नाममुद्रा, आली की वचन संपलं. त्याच्या खाली आपण कशाला बोलायचं?"

यावर काय बोलणार! पट्ट्याभोवती लेटेकमधलं 'सेव्हनोट्स' हे वेष्टन घातलं. ते टिपा धरून ठेवतं आणि पट्टा संपल्यावर बाहेर सोडतं. प्रत्येक टिपेत मराठीची आज्ञा वेगळी दिली. क्रमांक १, २, ३ सलग आले, 'तळं' दिसलं.

एक लांब वचन मात्र दोन पानांत तुटत होतं, आणि पट्टा दुसऱ्या पानावर संपत असल्याने पहिल्या पानावरच्या टिपाही तिकडेच जात होत्या. शेवटी ते अख्खं वचन नव्या पानावर घेतलं. आधीचं पान अर्धं पांढरं राहिलं. सरांना चाललं. मला ते पान अजून खुपतं.