डीपीच्या अलीकडचे आणि पलीकडचे

काल परत रात्री अडीचला जाग आली, कारण नेहमीचंच, आमच्या गल्लीतली कुत्री विरुद्ध मागच्या गल्लीतली कुत्री. झोप तर उडालीच होती, मग पाण्याची बाटली घेऊन बाल्कनीत जाऊन बसलो, म्हटलं बघू तरी भांडण नक्की कशावरून आहे.

आमच्या कोपऱ्यावर एमएसईबीची डीपी आहे. अलीकडे आमची चार, म्होरक्या काळ्या, आणि पलीकडे रिकाम्या प्लॉटवाली तीन. आवाज असा की आता एकमेकांना फाडून खातायत, पण वीस मिनिटांत एकानेही डीपी ओलांडली नाही हो! काळ्या दोन पावलं पुढे की समोरचा लाल्या दोन मागे, मग लाल्या पुढे, काळ्या मागे. मधेच काळ्या डीपीच्या खांबापाशी तंगडी वर करून आला, म्हणजे सातबारा अपडेट केला, आणि परत भुंकायला उभा. मागे एक पांढरं पिल्लू, ते तर उलट्याच दिशेला तोंड करून भुंकत होतं, बाकीचे भुंकतायत ना मग आपणही.

मला तर वाटतं हे भांडण नाहीच, भांडण टाळायचा प्रकार आहे. चावाचावी झाली तर जिंकणाराही लंगडत जाणार, आणि रस्त्यावर जखम चिघळली की संपलंच. त्यापेक्षा घसा बसलेला परवडला.

आमच्या खालच्या मजल्यावरचा लॅब्रा आणि काळ्या, यांचं गेटच्या जाळीतून रोज सकाळी महायुद्ध. एकदा वॉचमनकाका गेट लावायला विसरले आणि दोघं अचानक समोरासमोर. चिडीचूप! दोघांनी एकमेकांचा मागून वास घेतला, शेपट्या हलवल्या, विषय संपला. काकांनी गेट लावलं, की परत सुरू. पट्ट्याचंही तेच असतं, मोकळी कुत्री सरळ तोंडावर येत नाहीत, जरा वळसा घालून बाजूने येतात आणि वास घेतात, पट्ट्यात तो वळसाच घेता येत नाही आणि वरून आपण घाबरून पट्टा अजून खेचतो, मग ते बिचारं भुंकणार नाही तर काय करणार.

गंमत म्हणजे मोठे लांडगे फारच कमी भुंकतात, पिल्लं त्यामानाने जास्त. म्हणजे हा उद्योग कुत्र्यांनी आपल्या शेजारी राहूनच वाढवलेला दिसतो. आणि आपल्यालाही तो कळतो म्हणे. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ मध्ये लोकांना कुत्र्यांचं रेकॉर्ड केलेलं भुंकणं ऐकवलं, तर कधीच कुत्रं न पाळलेल्यांनाही रागावलेलं कोणतं आणि एकटं पडलेलं कोणतं ते बऱ्यापैकी ओळखता आलं. जाड, खरखरीत, भराभर असेल तर राग, बारीक आणि थांबून थांबून असेल तर ‘मला कोणीतरी घ्या ना’. काल मी पण ट्राय केलं. काळ्या शंभर टक्के जाड. पिल्लू बारीक.

तीनच्या सुमाराला एक डिलिव्हरीवाला बाईकवरून आला आणि मीटिंग मोडली. आमची चारही त्याच्या मागे, थेट डीपीपर्यंत, तिथे करकचून ब्रेक. पुढचं काम लाल्याच्या टीमने घेतलं, अगदी रिले रेससारखं. मी आत येऊन पंखा पाचवर केला.