फळा, फोन आणि त्रिकोणाबाहेरचा बिंदू

इयत्ता आठवीच्या गणितातला त्रिकोणाच्या शिरोलंबांचा आणि मध्यगांचा पाठ मी बरीच वर्षे शिकवत आले आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे तो वाईट शिकवला, असे आता प्रामाणिकपणे वाटते. सांगितलेले काही चुकीचे नव्हते. त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर काढलेले लंब, एकाच बिंदूतून जातात, त्या बिंदूला शिरोलंबसंपात म्हणतात, लघुकोन त्रिकोणात तो आत असतो, काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूवर असतो आणि विशालकोन त्रिकोणात बाहेर जातो, हे सगळे मी फळ्यावर लिहीत असे आणि मुले ते वहीत उतरवून घेत असत. मात्र मी काढत असलेला त्रिकोण दरवर्षी एकच होता: पाया आडवा, शिरोबिंदू वर आणि तिन्ही कोन लघुकोन. विशालकोन त्रिकोणाचे शिरोलंब फळ्यावर काढायचे म्हणजे बाजू वाढवायच्या, लाकडी गुण्या उलटासुलटा धरायचा आणि एवढे करून संपातबिंदू नेमका फळ्याच्या चौकटीबाहेर पडायचा. ३५ मिनिटांच्या तासात हा खटाटोप मी टाळत असे. परीक्षेत ‘बाहेर’ असे लिहून पूर्ण गुण घेणाऱ्या मुलांना त्यासाठी बाजू वाढवावी लागते हेही माहीत नसायचे.

आमची शाळा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली, माध्यमिक, आणि वर्ग चाळिशीच्या वरचे. शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा मी उत्साहाने त्याच पाठाच्या रंगीत स्लाइड केल्या. त्रिकोण निळा, शिरोलंब लाल, पण त्रिकोण तोच, लघुकोनाचा. फळ्याला वीज जोडली, याखेरीज त्यात काही घडले नव्हते. ‘डिजिटल वर्ग’ म्हणून आपण जे दाखवतो त्यातले बरेचसे याच जातीचे असते, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे आणि ते अजून बदललेले नाही.

बदल झाला तो जिओजेब्रामुळे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी असताना सुरू केलेले हे सॉफ्टवेअर शाळांसाठी मोफत आहे आणि एकदा संगणकावर टाकले की इंटरनेटशिवाय चालते. आमच्याकडे दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. त्यात त्रिकोण काढून तिन्ही शिरोलंब टाकले आणि एक शिरोबिंदू माऊसने धरून ओढला की सगळी आकृती त्याच्याबरोबर हलते. पहिल्या वर्षी मी तो नुसता ओढून दाखवला, मुलांनी ‘अय्यो’ म्हटले आणि तास संपला. दुसऱ्या वर्षी ओढण्याआधी थांबले. हा शिरोबिंदू मी उजवीकडे सरकवत नेला तर संपातबिंदू कुठे जाईल, ते आधी वहीत पेन्सिलीने काढा, असे सांगितले. वर्गातल्या बहुतेकांनी तो आतच कुठेतरी दाखवला. मग मी शिरोबिंदू सावकाश सरकवत नेला. कोन ९० अंशांचा झाला तेव्हा तो बिंदू शिरोबिंदूवर जाऊन बसला आणि त्यापुढे जरासा सरकताच त्रिकोणाबाहेर निसटला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “बाई, मागं घ्या की जरा.” तो शिरोबिंदू आम्ही मागेपुढे निदान दहा वेळा केला असेल. माझ्या मते तो तास त्या वहीतल्या चुकीच्या बिंदूंमुळे झाला. पडद्याने फक्त ते चुकीचे असल्याचे दाखवले.

प्रशिक्षणांमध्ये ‘ब्लेंडेड लर्निंग’ हा शब्द मी अनेकदा ऐकला आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आहे. थोडे ऑनलाइन, थोडे वर्गात, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगितला जातो. मला तो वेळेच्या हिशेबात कळतो. जे ऐकायला शिक्षक समोर असण्याची गरज नाही, जे पुन्हा ऐकले तर फायदाच आहे, ते तासाबाहेर किंवा यंत्राकडे काढायचे. आणि जिथे मुलाने काय चुकीचे समजून घेतले आहे ते एखाद्या माणसाने ऐकावे लागते, तिथे मोकळा झालेला तास खर्च करायचा. यंत्र आले आणि तासाची वाटणी जशीच्या तशी राहिली, तर मिश्रण काहीच झाले नाही.

पडद्यावरून शिकवणे आपल्याकडे नवे नाही. शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी पुण्याची बालचित्रवाणी ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली आणि माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले आहेत. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या मुलांनीही ती आवडीने पाहिली. पण ठरलेल्या वेळचे प्रक्षेपण थांबवता येत नव्हते. वीज गेली, म्हैस सुटली, धाकटे भावंड रडले, की तो भाग गेला. आज केंद्र सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचा व्हिडिओ उतरवून ठेवता येतो, थांबवता येतो, मागे नेता येतो. माझ्या लेखी साधनातला मोठा फरक हाच आहे. वर्गात “बाई, पुन्हा सांगा” असे तिसऱ्यांदा म्हणायला मुलगा लाजतो. फोनला तो लाजत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क इथल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक २००७ मध्ये आपले तास रेकॉर्ड करू लागले, आणि पाठ घरी व्हिडिओवर पाहायचा, सराव वर्गात करायचा, अशा पुढे ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणून जगभर गेलेल्या पद्धतीची सुरुवात तिथे झाली. ते रेकॉर्डिंग प्रथम केले होते ते गैरहजर मुलांसाठी. हे वाचले तेव्हा मी हसले, कारण गैरहजेरी हा आमच्याकडचा कायमचा विषय आहे. त्यांच्याकडे खेळांचे सामने, आमच्याकडे ज्वारीची काढणी, जत्रा आणि मेंढरांबरोबर महिनोन्‌महिने बाहेर असणारी कुटुंबे.

मग मीही व्हिडिओ केले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, दोन विटांवर टेकवलेल्या फोनसमोर, सहा-सात मिनिटांचे. पहिल्या काहींत फळ्यावर उजेड चमकून अर्धे लिखाण दिसत नव्हते. दीक्षावरचे व्हिडिओ माझ्यापेक्षा सुबक आहेत, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ते उघडतात, तरीही मुले माझेच पाहतात. त्यात मी ‘अरे, कुलूप तिथंच आहे बघा’ असे वर्गातल्यासारखे बोलते, एवढे एकच कारण मला सापडले आहे.

घरी पाहून या, असे सांगणे मात्र पहिल्याच महिन्यात फसले. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर, रात्री आला तर चार्जिंग संपलेले. जिथे फोन मिळत होता तिथे दुसरी अडचण होती. एक आई शाळेत येऊन म्हणाली, “बाई, तुमचा अभ्यास दहा मिनटाचा असतोय, पण पोरगं दोन तास फोन सोडत नाही. तुम्हीच सांगा काय करायचं.” माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलांच्या हाती फोन देऊ नका असे पालकसभेत सांगणारेही आम्हीच आणि फोनवर अभ्यास देणारेही आम्हीच, हे ती बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते होते.

त्यानंतर मी ‘घरी’ हा शब्द सोडला आणि सगळी विभागणी वर्गातच आणली. वर्गाचे तीन गट. एक गट चार जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ पाहतो किंवा जिओजेब्रात आकृती ओढतो, दुसरा गट जोडीजोडीने स्वाध्याय सोडवतो आणि तिसरा माझ्याभोवती जमिनीवर बसतो. बारा-तेरा मिनिटांनी गट फिरतात. तास पुरत नाही, म्हणून मुख्याध्यापकांना विनंती करून आठवड्यातून दोनदा जोडतास मागून घेतला. वेळापत्रकातला हा बदल कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडला आणि मिळवायलाही तोच सर्वात अवघड गेला. व्हिडिओ एका लॅपटॉपवर कोलिब्री नावाच्या मोफत प्रणालीत साठवले आहेत; शाळेतल्या राउटरवरून बाकीचे लॅपटॉप ते इंटरनेटविना उघडतात. विज्ञानाचे सर त्याच लॅपटॉपवर फेट या आभासी प्रयोगांच्या संकेतस्थळाची मराठीतली प्रात्यक्षिके वापरतात. एक मोठा स्मार्ट बोर्डही शाळेला देणगीत मिळाला होता. त्यातल्या अभ्यासक्रमाची वर्गणी वर्षाने संपली, पुढची कोणी भरली नाही, आणि आता त्यावर स्नेहसंमेलनाची चित्रफीत तेवढी दिसते.

वर्गात सर्वात जास्त कामाला आलेले साधन कागदाचे आहे. प्लिकर्स नावाच्या प्रश्नोत्तरांच्या प्रणालीची कार्डे छापून पुठ्ठ्यावर चिकटवली की झाले. प्रत्येक कार्डावर एक चौकटी-चौकटींचे चिन्ह असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात चार पर्याय. मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरते आणि मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते. कोणाचे उत्तर काय, ते मला लगेच फोनवर दिसते. शेजारच्याला मात्र ते वाचता येत नाही, कारण प्रत्येकाचे चिन्ह वेगळे असते. मुलांकडे फोन लागत नाही, माझा एक पुरतो.

एकदा सहज उजळणी म्हणून ‘वजा ७ अधिक ३’ विचारले. सहावीत झालेला भाग. ४१ मुलांपैकी १७ जणांनी ‘वजा १०’ धरले. हात वर करायला सांगितले असते तर नेहमीच्या पाच-सहा मुलांनी ‘वजा ४’ सांगितले असते आणि मी पुढे गेले असते, जशी इतकी वर्षे जात होते. त्या १७ जणांना मी जमिनीवरच्या गटात घेतले आणि उत्तर कसे काढले ते बोलायला लावले. एक मुलगी म्हणाली, “बाई, पाठ केलंय ना, अधिक-वजा वजा.” म्हणजे गुणाकाराचा चिन्हांचा नियम तिने बेरजेला लावला होता, सात आणि तीन मिळवून दहा केले होते आणि पुढे वजा लिहिले होते. चूक होती, पण अगदी पद्धतशीर चूक होती, आणि ती त्या मुलीने माझ्याच तोंडून ऐकलेल्या वाक्यातून तयार झाली होती. मग दुकानातली सात रुपयांची उधारी, त्यातले तीन फेडले, बाकी किती, असे करत आम्ही पुन्हा बसलो. आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे शिकवता शिकवताच मुलाला काय समजले ते तपासण्याचे, तक्ते मी २०१० पासून भरते आहे. त्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी हाताला लागला.

एक गोष्ट मात्र या साधनांनी बिघडवली आणि ती मला नववीत भेटली. आठवीत जिओजेब्रावर वाढलेली हीच मुले लंबदुभाजकाच्या प्रमेयापाशी आली. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक, म्हणजे बाजूच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या लंब रेषा, त्यांनी लॅपटॉपवर टाकले, शिरोबिंदू हवे तसे ओढले, ते एकाच बिंदूतून जातात हे पाहिले आणि सिद्धता लिहायला घेताच म्हणाली, “दिसतंय की बाई, मग सिद्ध कशाला करायचं?” खडू-फळ्याच्या काळात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. फळ्यावरच्या माझ्या रेघा कधी नीट एकत्र भेटतच नसत.

मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी जिओजेब्रात तीन साध्या रेषा काढून ठेवल्या, मुद्दाम किंचित चुकवून. वर्गाला विचारले, या एकाच बिंदूतून जातात का? सगळे ‘हो’ म्हणाले. माऊसचे चाक फिरवत चित्र मोठे करत गेले. बराच वेळ काही दिसले नाही, मग मधला बिंदू फुटला आणि त्या जागी एक बारीकसा त्रिकोण उघडला. वर्ग गप्प झाला. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मग आपल्या लंबदुभाजकांचं चित्र किती मोठं केलं म्हणजे खात्री होईल?”

मी लॅपटॉप मिटला आणि खडू घेतला. पहिल्या लंबदुभाजकावरचा बिंदू पहिल्या बाजूच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर, दुसऱ्यावरचा दुसऱ्या बाजूच्या. दोन्ही दुभाजक जिथे भेटतात तो बिंदू म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावर. “मग तो तिसऱ्यावर असणारच की,” ती बसल्या जागेवरून म्हणाली, आणि मी अजून ती ओळ लिहिलेली नव्हती.