न उडालेली गोळी

कामठीला एका भंगारवाल्याकडे कुकरचं झाकण शोधायला गेलो होतो. नटबोल्टच्या डब्यात शिशाची गोळी दिसली. "बर्डीच्या लढाईतली हाय भाऊ, दोनशे द्या." बर्डी म्हणजे नागपूरची सीताबर्डी; १८१७ला इंग्रज आणि भोसले तिथे लढले. ही तिथली की कुठली, देव जाणे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे, आपल्याला वर्षातून दोन-तीन दिवस आत सोडतात; तिथे खणायला कोण गेलं? तरी दीडशे देऊन आलो. झाकण राहिलंच.

घरी व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) लावला : साडेसतरा मिलिमीटर. इतवारीतल्या सराफ मित्राच्या काट्यावर एकतीस ग्रॅम. (पारडं त्याने आधी पुसलं, नंतर दोनदा पुसलं.) ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या ब्राऊन बेस बंदुकीची नळी १९ मिलिमीटरची. गोळी मुद्दाम बारीक ओतत, म्हणजे दारूची काजळी साचली तरी ती अडकू नये. माप जुळतं. पण तेवढ्यावरून १८१७ म्हणायला मी तयार नाही. ही बंदूक पुढेही कितीतरी वर्षं चालली. वस्तू कुठल्या जागेतून, किती खोलवरून निघाली हे कुणी टिपून ठेवलं नाही, की तिची निम्मी गोष्ट तिथेच मेली. म्हणून मी स्वतः कुठे खणत नाही. शिवाय १८७८चा गुप्तधनाचा कायदा आहेच : जमिनीतून दहा रुपयांवरचं काही निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा!

पण ही गोळी हातातून सुटेना. हाडाला, दगडाला लागलेली गोळी चपटते. ही गोल. साच्याची शिवण नखाला लागते, शिसं ओतलं तिथला कापलेला खुंटही शाबूत. म्हणजे उडालीच नाही. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, चिमूटभर दारू रंजकाला (ठिणगी पडते त्या बाहेरच्या खोबणीत), बाकी नळीत, मग गोळी सोडून गजाने ठासायचं. एवढ्यात कुठेतरी ती कुणाच्या तरी हातून निसटली. अंधार असेल, हात घामेजले असतील. बर्डीची लढाई २६ नोव्हेंबरला संध्याकाळी पेटली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. रात्रभर अशा किती पडल्या असतील!

याआधीची एक गोळी मी लिंबानं घासून चकचकीत केली होती. शुद्ध गाढवपणा. वरची पांढुरकी साय हेच तिचं वय आणि तेच तिचं चिलखत. हिला फक्त कोरडा ब्रश.

आता ती टिकल्यांच्या जुन्या डबीत कापसावर आहे. बायकोची अट एकच : शिसं हाताळलं की साबणानं हात धुवायचे, मगच पोळीला हात.