नव्या मॉनिटरची झाडाझडती

माझं काम पुस्तकांची पानं लावण्याचं. दिवसभर समोर पांढरं पान, त्यामुळे नवा मॉनिटर आला की परत करायची मुदत संपायच्या आत त्याला उभाआडवा तपासून घेतो. या वेळचा २७ इंची, आयपीएस जातीच्या एलसीडी पडद्याचा, २५६० बाय १४४०. म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेल आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल. एवढ्या गर्दीत एखादा नापास निघायचाच.

तपासायला वेगळं काही लागत नाही. पेंटमध्ये स्क्रीनच्याच मापाची काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी आणि राखाडी चित्रं केली. मॉनिटर अर्धा तास तापू दिला, स्क्रीन पिवळसर करणारी नाइट लाइटची सोय बंद केली, स्क्रीन कोरड्या मायक्रोफायबरनं पुसली; नाहीतर धुळीचा कणही डेड पिक्सेल, म्हणजे कधीच न पेटणारा मेलेला ठिपका, म्हणून मिरवतो.

पांढऱ्यावर वरच्या कडेला एक काळा ठिपका दिसला. लाल, हिरव्या, निळ्यावरही काळाच. म्हणजे मेलेलाच. अडकलेला असता तर कुठला तरी एक रंग धरून बसला असता. मग दिवे घालवून काळं चित्र लावलं. खालच्या कोपऱ्यात पिवळट उजेड होता, पण खुर्ची मागे नेली तसा विरला. हा आयपीएसचा स्वभाव. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, कडेनं झिरपत असता तर मागे सरकून तो असा विरला नसता.

खरी गोम राखाडीवर निघाली. उजवीकडचा पाव भाग किंचित गुलाबी. नजरेचा खेळ नको म्हणून नोटपॅडची कोरी खिडकी डावीकडून उजवीकडे ओढत नेली: डावीकडे कागदासारखी पांढरी, उजवीकडे गुलाबी झाक. त्या कडेसमोर खुर्ची नेऊन पाहिलं, तरी तेच. शेवटी मॉनिटर उचलून उलटा धरला. गुलाबी भाग त्याच्याबरोबर डावीकडे गेला, म्हणजे खोलीतल्या उजेडाचा दोष नाही.

कस्टमर केअरवाल्याचा एकच प्रश्न, “सर, डॉट किती आहेत?” एक, म्हटल्यावर, “मग नियमात बसतं.” बसतंही. आयएसओ १३४०६-२ या सपाट स्क्रीनच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात (२००८ मध्ये त्याची जागा नव्या मानकानं घेतली) दोषांच्या प्रमाणावरून वर्ग पाडले होते; त्यातल्या दुसऱ्या वर्गाच्या स्क्रीनला दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम काळे माफ होते. या हिशेबानं माझ्या स्क्रीनवर सात काळे ठिपके चालले असते. गुलाबी पट्ट्याचं काय, तर त्याच्या फॉर्मात तसा रकानाच नव्हता. मला मात्र ठिपक्याचं काहीच नाही, काम करताना तो दिसतसुद्धा नाही. अर्ध्या पानाचा रंग बदलला तर मी छपाईला काय पाठवू?

वॉरंटीच्या नादी लागलो नाही. विक्रेत्याची बदलून द्यायची मुदत शिल्लक होती, राखाडी स्क्रीनचे फोटो जोडून तिथेच मागणी टाकली. एक्स्पोजर लॉक करून फोटो काढले, कारण मोबाइल आपल्या मनानं उजेड वाढवतो आणि मग कुणीही म्हणेल की फोटोच तसा आलाय.

दुसरा मॉनिटर आला. त्यात एक हिरवा उपपिक्सेल अडकलेला निघाला, पण राखाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. ठेवून घेतला. ठिपका टास्कबारच्या पट्टीत आहे.