एडीसीचा आकडा स्थिर राहत नसेल तर

वरूड-मोर्शी पट्ट्यात आंबिया बहारासाठी संत्र्याची बाग ताणावर सोडली, म्हणजे तिचे पाणी तोडले, की जमिनीत ओल किती उरली आहे हा रोजचा प्रश्न होतो. शिवाय काळ्या भारी जमिनीला वरून भेगा पडल्या तरी खाली ओल टिकून असते, त्यामुळे नुसत्या नजरेने केलेला अंदाज फसतो. म्हणून आमच्या बागेत आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर जोडला आहे आणि नोंदी मोबाइलवर याव्यात यासाठी जीएसएम मोड्यूलही बसवले आहे. पाणी दिलेले नसताना, सेन्सर जागचा हललेला नसताना, आकडा मात्र तीस-चाळीसने वरखाली होत होता.

उनोवरील एटीमेगा ३२८पी या चिपचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा आहे, म्हणजे ० ते ५ व्होल्टचे तो १०२४ भाग करतो आणि एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा होतो. एक-दोन अंकांची हालचाल स्वाभाविक मानावी. चाळीस अंक म्हणजे जवळजवळ २०० मिलिव्होल्ट. त्याला कुठेतरी ठोस कारण असलेच पाहिजे.

अशा वेळी बहुतेक जण सरासरी काढायला सांगतात. माझ्या मते ते सर्वांत शेवटी करायचे काम आहे, कारण सरासरीने केवळ यादृच्छिक गोंगाट कमी होतो (१६ नोंदींच्या सरासरीत तो साधारण चौथा हिस्सा उरतो), पण संदर्भ व्होल्टेजच (ज्याच्याशी तुलना करून एडीसी मोजतो ते, इथे बोर्डाचा ५ व्होल्टचा पुरवठा) घसरत असेल तर सरासरीतून चुकीचाच आकडा अधिक नीटनेटका होऊन बाहेर पडतो.

त्याऐवजी सेन्सर काढून ठेवावा आणि तो जोडलेली अ‍ॅनालॉग पिन बोर्डावरच्याच ३.३ व्होल्टच्या पिनला जोडावी. पुरवठा खरोखर ५ व्होल्ट असेल, तर आकडा ६७६ च्या आसपास यायला हवा. आमच्याकडे तो मधूनच ७१९ पर्यंत जात होता. ३.३ व्होल्ट तेवढेच राहून ५ चे ४.७ झाले, तर गणिताने नेमका हाच आकडा येतो. म्हणजे सेन्सर निर्दोष होता आणि मोजपट्टीच आखडत होती. जीएसएम मोड्यूल संदेश पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, त्यात शिवारात रेंज कमी असली की ते पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करते, आणि चार्जरपासून आलेल्या बारीक, लांब केबलमध्ये तेवढ्यात व्होल्टेज पडते. मल्टिमीटरला ही घसरण दिसेलच असे नाही, कारण ती फार थोडा वेळ टिकते. मोड्यूलला स्वतंत्र पुरवठा आणि त्याच्याजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिल्यावर आकडा तीन-चार अंकांत आला.

ग्राउंडची तारही तपासावी. सेन्सर आणि रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) यांची ग्राउंड तार एकच असेल, तर रिलेचा ७० मिलिअँपिअर प्रवाह १ ओहमच्या तारेतून जाताना ७० मिलिव्होल्ट, म्हणजे चौदा अंक, फुकटचे वाढवतो. सेन्सरची तार थेट बोर्डापर्यंत वेगळी न्यावी, आणि मोटरच्या केबलला समांतर तर मुळीच नेऊ नये.

बॅटरीचे व्होल्टेज मोजणारी पिन वेगळ्याच कारणाने बिघडते. वीज वाचवण्यासाठी तिथे १०० आणि ४७ किलोओहमच्या दोन रोधांचे व्होल्टेज विभाजक लावले जातात, ज्यांचा एकत्रित रोध सुमारे ३२ किलोओहम भरतो; चिपच्या माहितीपत्रकात मात्र १० किलोओहम किंवा त्याहून कमी रोध अपेक्षित आहे. चिपमधला १४ पिकोफॅरडचा कपॅसिटर वेळेत भरत नाही आणि आधी वाचलेल्या पिनचा अंश पुढच्या आकड्यात उतरतो. पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये, पिनला अगदी लागून, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि पिन बदलल्यावरची पहिली नोंद सोडून द्यावी. उनोऐवजी ईएसपी ३२ ही वायफाय असलेली चिप वापरणाऱ्यांनी एवढे पाहावे की वायफाय चालू असताना त्याचा दुसरा एडीसी वापरता येत नाही.

एवढे झाल्यावर सरासरी काढायला हरकत नाही. ती किती नोंदींची काढावी, यापेक्षा किती वेळाची काढावी, हे ठरवावे: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीइतका वेळ सलग नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढली, तर मोटरच्या तारांकडून आलेली गुणगुण वजा होऊन जाते.