वहीतला तिसरा रकाना

आई 68 वर्षांची. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. रोज सकाळी चहाआधी मी तिच्या दंडाला मशीनचा पट्टा बांधायचे आणि वरचं, खालचं असे दोन आकडे वहीत लिहायचे. खाली तिसरा आकडा यायचा, पल्सचा. तो मी कधीच लिहिला नाही. आकड्याशेजारी अधूनमधून छोटं हृदयाचं चिन्ह लुकलुकायचं. मला वाटलं सेल उतरले असतील. नवे घातले, तरी चिन्ह यायचंच. मग मी तिकडे बघणं सोडून दिलं. ठोके अनियमित पडत असल्याची ती खूण होती, हे नंतर कळलं. त्याची टोचणी अजून आहे.

दिवाळीच्या आधी आई जिन्यात मधेच थांबली. कठड्याला धरून म्हणाली, "दम लागतो गं हल्ली. वय झालं." छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता. रात्री ती आडवी झाली असताना मी सहज तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवली. दोन ठोके घाईघाईने आले. मग काहीच नाही. मग एक ठसठशीत, त्यामागून दोन इतके पुसट की आले की भास झाला ते कळेना. मी ताल शोधत राहिले, तो सापडलाच नाही. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं, 104 भरले.

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने नाडी धरली. छातीत 120 च्या आसपास ठोके, मनगटात त्याहून कमी. काही ठोके इतके घाईत पडतात की हृदय भरायच्या आतच ते आकुंचन पावतं, आणि ती लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. लगेच ईसीजी काढला. त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरली. प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक लहान उंचवटा हवा, तो वरच्या कप्प्यांचा. आईच्या पट्टीवर तो कुठेच नव्हता, नुसती थरथरती रेघ. टोकांमधलं अंतरही कुठे सारखं नव्हतं. एट्रियल फिब्रिलेशन.

वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, असं त्यांनी समजावलं. त्यामुळे रक्त तिथे रेंगाळतं. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, गुठळी बहुतेक तिथेच धरते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. मी इतके दिवस धास्ती घेतली होती हार्ट अटॅकची!

मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि थायरॉइडची तपासणी. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं हृदयरोगतज्ज्ञांनी आईला दोनदा विचारलं. त्या आजाराने झडप अरुंद झालेली असेल, तर रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालत नाहीत. जुनी वॉरफरिन घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर वरचेवर तपासावा लागतो. आईच्या झडपा चांगल्या निघाल्या, डावा वरचा कप्पा मात्र थोडा मोठा झाला होता. वय पासष्टच्या पुढे, त्यात बीपी, म्हणून त्या नव्या गोळ्यांतली अपिक्साबान सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ. ठोके आवरायला वेगळी गोळी.

खरी कसोटी घरी लागली. दात घासताना हिरडीतून थोडं रक्त आलं आणि आईने मला न सांगता दोन दिवस गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं. डॉक्टरांना फोन लावून तिच्याच हातात दिला. गोळीचा असर दिवसभरात ओसरतो, मग गुठळीला आडकाठी राहत नाही, हे माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकलेलं तिला पटलं. गुडघ्यासाठी ती दुकानातून परस्पर आणायची त्या वेदनाशामक गोळ्याही त्यांनी बंद करायला लावल्या. या गोळीसोबत त्या घेतल्या की पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते.

या तालात मशीनचा एकच आकडा भरवशाचा नसतो, म्हणून आता तीनदा बीपी घेते आणि सरासरी लिहिते. वहीत पल्सचा तिसरा रकाना आखलाय, पण तो आकडा मशीनचा नाही. आई स्वतःच मनगटावर बोटं ठेवते, मी घड्याळाकडे बघते. आज 78 मोजले. ताल अजून तसाच आहे, एक ठोका लांब, दोन जवळ.